चौथा फर्मा

बांधणीखात्यात तिला ओळंबा म्हणत. गवंड्याच्या दोरीला लोंबणारा तो जड गोळा असतो ना, भिंत सरळ आहे की नाही ते सांगणारा, तो ओळंबा. ती बाई तशीच होती. दाराशी कुणाच्या चपला वाकड्या पडल्या असतील तर त्या पायाने सरळ करून मगच आत यायची. मालकांच्या खोलीतलं घड्याळ जरा कललं होतं. मालक समोर बसलेले असताना तिने खुर्चीवर चढून ते नीट केलं आणि एक शब्द न बोलता खाली उतरली. मालक नंतर म्हणाले, "बरं झालं, मी ताठ बसलो होतो."

नाव बहुतेक घडीमामाने ठेवलं. तोंडावर आम्ही ओळंबाताई म्हणायचो. तिला राग नव्हता. "निदान सरळ तरी म्हणता," एवढंच म्हणायची.

मी कापयंत्रावर होतो. पुस्तक शिवून, सरस लावून, मुखपृष्ठ चढवून आलं की ते तीन बाजूंनी कापायचं हे माझं काम. तिचं काम जुळणीचं. ते काय असतं हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून आधी ते सांगतो.

पुस्तक एकेका पानाने छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात. त्या कागदाला घड्या घातल्या की पातळ वहीसारखं होतं. त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक. घड्या घालणारा तो घडीमामा. तो आपले गठ्ठे जुळणीच्या लांब टेबलावर ओळीने मांडून ठेवायचा. ओळंबा त्या टेबलाभोवती चालायची. प्रत्येक गठ्ठ्यातून एक फर्मा उचलायचा, हातातल्या फर्म्यावर ठेवायचा, टोकाशी पोचलं की टेबलावर ठोकून कडा एक करायच्या, थप्पी लावायची आणि पुन्हा पहिल्या गठ्ठ्यापाशी यायचं. दिवसभर हेच. बसून होणारं काम नव्हे. पोटऱ्या दुखतात असं ती कधी म्हणाली नाही, पण संध्याकाळी जिना उतरताना कठडा धरायची.

चूक झाली तर कळते कशी? प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर, घडीच्या जागी, एक काळी खूण छापलेली असते. पहिल्याची वर, दुसऱ्याची जरा खाली, तिसऱ्याची आणखी खाली. सगळे फर्मे बरोबर लागले की पुस्तकाच्या पाठीवर जिना दिसतो. पायरी चुकली म्हणजे फर्मा चुकला. एखादा फर्मा डोकं खाली, पाय वर असा गेला तरी जिना तुटतो. ओळंबा फक्त तो जिना बघायची. पानांत काय आहे ते नाही.

हा आमच्याकडे नियमच होता. जुळणीवाल्याने वाचायचं नसतं. वाचलं की डोळा अक्षरात अडकतो आणि हात फर्मा सोडून पुढे जातो. ओळंबाच्या हातून किती पुस्तकं गेली त्याला गणती नाही, त्यातलं एकही तिने उघडून वाचलं नाही. हळूहळू आम्हा सगळ्यांनाच ती सवय लागली. हलवाई आपली मिठाई खात नाही, तसं.

दुसरा एक नियम होता. दुसऱ्याची चूक दिसली तर ती मुकाट्याने सरळ करायची. घडीवाल्याने गठ्ठा उलटा ठेवला तर जुळणीवालीने तो फिरवून घ्यायचा. जुळणीत फर्मा खालीवर झाला तर शिलाईवाल्याने ठोकून घ्यायचा. बोंब मारायची नाही. गोष्ट मुकादमापर्यंत गेली की माणसाचं नाव खराब होतं, आणि हातावर पोट असलेल्याकडे नावाखेरीज असतं काय? या नियमावर आम्ही सगळे तरलो. जे बिनसलं तेही यानेच.

ओळंबा तीन बहिणींतली मधली. थोरलीचं कौतुक झालं, धाकटीचे लाड झाले, मधलीला घर मिळालं. म्हणजे घरात राहणं मिळालं. दोघी लग्न करून दूर गेल्या. ही आईपाशी राहिली. कारखान्याच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. आई अंथरुणाला खिळलेली. दुपारच्या सुट्टीत ओळंबा धावत घरी जायची, आईला भरवायची, कूस बदलून द्यायची आणि परत यायची. स्वतःचं जेवण जिन्यात, उभ्या उभ्या.

शेवटी शेवटी म्हातारीला माणसं ओळखू येईनात. ओळंबाला ती थोरलीच्या नावाने हाक मारायची. ओळंबा ओ द्यायची. मी एकदा विचारलं, "ताई, तू सांगत का नाहीस, मी मधली म्हणून?"

"सांगून काय होणार आहे? तिला थोरली हवी असते. थोरली येत नाही, मी येते."

त्याच सुमारास तिच्या डोळ्यांचं सुरू झालं. कागद लांब धरून बघायला लागली. मुकादम ते टिपून ठेवत होता. मालकांनी जुळणीचं यंत्र बघून ठेवलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुकादम येता-जाता म्हणायचा, "यंत्राला चष्मा लागत नाही." ओळंबा म्हणायची, "यंत्राला लाजही लागत नाही, मुकादम. चालू द्या."

आता त्या पुस्तकाकडे येतो.

मुलांसाठी पाच भागांची एक चित्रकथा निघत होती. चित्रांचीच कादंबरी म्हणा. तिच्यातल्या मुलीला आमच्याकडे सगळे कंदीलवाली म्हणायचे. पहिले दोन भाग आम्हीच बांधले होते. मी वाचले नव्हते, पण माझी मुलगी तेव्हा शाळेत होती आणि तिने ते इतक्या वेळा सांगितले की न वाचताच पाठ झाले. कंदीलवालीच्या गावात एक विहीर असते. तिच्यात डोकावणाऱ्या माणसाला खालून कुणीतरी त्याच्याच आवाजात हाक मारतं, आणि माणूस नाहीसा होतो. पहिल्या भागात तिची आई अशी जाते. दुसऱ्या भागात मुलगी रान तुडवून एक कंदील मिळवते, ज्याचा उजेड वरून खाली पडत नाही, खालून वर चढतो. तिसऱ्या भागात ती विहिरीत उतरणार होती. माझी मुलगी रोज संध्याकाळी विचारायची, "तिसरा आला का?" मी म्हणायचो, "पुस्तक काय झाडाला लागतं?"

ही चित्रं काढणारी एक बारीक चणीची बाई होती. बोटांना कायम शाई. लिहायची तीच, काढायची तीच, रंगवायची तीच. तिचा प्रकाशक लहान होता. तो मालकांना म्हणाला ते मी ऐकलं होतं. "पहिला भाग सगळे घेतात. शेवटचाही घेतात. मधला कोण घेतं? ज्याला खरंच गोष्टीची भूक आहे तो. शाळा उघडायच्या आधी हा दुकानांत गेला तर पुढचे दोन काढू. नाही गेला तर इथंच थांबू." म्हणजे त्या मधल्या भागावर सगळं उभं होतं.

कागद छापून आमच्याकडे आले तेव्हा ती बाई स्वतः आली. मालक, मुकादम आणि घडीमामा यांना तिने समोर बसवून सांगितलं, की चौथा फर्मा उलटा बांधायचा. मुद्दाम. विहिरीखालचा देश उलटा आहे. तिसऱ्या फर्म्याच्या शेवटच्या पानावर मुलगी काठावरून वाकते आणि आत हात सोडते. तिथे वाचणाऱ्याने पुस्तक डोक्यावर उभं करायचं, चौथ्या फर्म्याच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि तिथून वाचत वाचत मागे यायचं, पुन्हा त्याच विहिरीच्या तोंडापाशी. चौथ्या फर्म्याच्या शेवटच्या पानावर आई आहे, खालून हात वर केलेली. फर्मा उलटा बांधला की ही दोन पानं समोरासमोर येतात. डावीकडे मुलीचा हात, उजवीकडे आईचा. शिवणीवर दोन्ही हात भेटतात.

घडीमामाने डोकं खाजवलं. "बाई, उलटा फर्मा जाऊ नये म्हणून मी आख्खं आयुष्य घालवलं. आणि आता तुम्ही म्हणता, घाल."

"एकदाच, मामा," ती म्हणाली.

मामाने तसा गठ्ठा लावला. मला कुणी काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, कापणाऱ्याला उलटं-सुलटं सारखंच. सांगायला हवं होतं ओळंबाला. पण ती त्या आठवड्यात कामावर नव्हती. तिची आई गेली होती.

ती परत आली ती एका सकाळी, काही न बोलता. दारातल्या चपला सरळ केल्या आणि टेबलापाशी उभी राहिली. चेहरा असा की बघवत नव्हता. बहिणी येऊन, रडून, परत गेल्या होत्या. आम्ही सगळे गप्प. नेहमी तोंडाचा पट्टा चालू असणारा मामासुद्धा आपल्या घड्यांत मान घालून बसला. अशा माणसाशी कामाचं काय बोलायचं?

कंदीलवालीचे गठ्ठे टेबलावर लागलेले होते. तिने पहिला जुळवला, ठोकला, पाठ बघितली. जिना तुटलेला. चौथा फर्मा उलटा. तिला वाटलं, मामा म्हातारा झाला, हात चुकला. तिने इकडेतिकडे पाहिलं. मुकादम नव्हता. तिने चौथा गठ्ठा आख्खा फिरवून ठेवला आणि चालायला लागली.

सगळी जुळणी तशीच झाली. मग मुकादमाने येऊन थप्प्यांच्या पाठी तपासल्या. जिना सरळ दिसला तशी त्याने मान डोलवली. उलटा हवा हे त्याला सांगितलेलं होतं, पण सरळ जिना दिसला की मान डोलवायची ही त्याचीही सवय. पुस्तकं शिवली गेली, सरस लागला, मुखपृष्ठं चढली, मी कापली. चांगली कापली.

चित्रवाली बाई पहिली प्रत बघायला आली. माझ्याच यंत्राशेजारी उभं राहून तिने पुस्तक उघडलं. पानं न उलटता सरळ त्या जागी गेली. मग तशीच उभी राहिली. मला वाटलं, काप चुकला.

"बाई, काय झालं?"

"हात नाही," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. डाव्या पानावर मुलगी विहिरीत हात घालत होती. उजव्या पानावर कसल्या तरी पायऱ्या होत्या. तिचा हात शिवणीपाशी येऊन तुटत होता.

थोड्या वेळात मालकांच्या खोलीत सगळे जमले. प्रकाशकही आला. त्याने पुस्तक चाळलं आणि म्हणाला, "अहो, गोष्ट तर सलग लागतेय. उलट सोपी झाली. पोरांना काय कळतंय?"

"पोरांनाच कळतं," चित्रवाली म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ती मुलगी दोन भाग चालत आलीय. आत्ता ती नुसत्या कागदात हात घालतेय. पुढचे दोन भाग मी या हातावर उभे करणार होते. हे असंच जाणार असेल तर मला पुढचं काढता येणार नाही."

"मग हे रद्दीत घालू? पुन्हा छापायला कागद कुठून आणू? शाळा उघडायला आल्या. रद्दीत घालायचं असेल तर गोष्ट इथंच संपली म्हणा."

मुकादम घडीमामाकडे वळला. "तुला सांगितलं होतं ना?"

"मी उलटाच ठेवला होता!" मामा ओरडला.

दारातून ओळंबा म्हणाली, "मी फिरवला."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"बघा," मुकादम म्हणाला. "डोळे गेलेत, मी म्हणतच होतो."

"डोळ्यांना बरोबर दिसलं, मुकादम. उलटा आहे हे दिसलं म्हणूनच फिरवला. उलटाच हवा, हे डोळ्यांना कोण सांगणार?"

मामा पेटला. "तुला वाटलं मी चुकलो? इतक्या वर्षांत माझा एक गठ्ठा उलटा पाहिलास? एक?"

"नाही."

"मग विचारायचंस मला!"

"विचारलं असतं तर चारचौघांत तुमची मान खाली गेली असती."

"आणि आता कुणाची गेली?" मामाचा आवाज चिरकला. "तुझी गेली, माझी गेली, या बाईंची गेली. मला विचारायचंस गं, पोरी. शिवी दिली असती आणि सांगितलं असतं."

"तुम्ही सांगायचं होतं, मामा."

मामा खाली बघायला लागला. "तू कशी आली होतीस त्या दिवशी. तोंड उघडवेना माझं."

मग ओळंबा चित्रवालीकडे वळली. "बाई, मी उसवते. सगळी."

मुकादम हसला. "शिवलेली, चिकटवलेली, कापलेली पुस्तकं? हे म्हणजे भाकरीचं पुन्हा पीठ करणं."

"एकेक केलं तर होतं. किती वेळ आहे तेवढं सांगा."

मालकांनी प्रकाशकाकडे पाहिलं. प्रकाशक म्हणाला, शाळा उघडेपर्यंत थांबतो. पलीकडे नाही. मालकांनी तिला मागची खोली दिली. म्हणाले, "यंत्र येणारच आहे, ओळंबाबाई. हे झालं की तुम्हीही विश्रांती घ्या." ती म्हणाली, "हे झालं की घेते." आपलं काम गेलं हे तिला तिथेच कळलं. त्यावर ती थांबली नाही.

एका पुस्तकाला काय काय लागायचं ते सांगतो, म्हणजे नुसतं 'मेहनत घेतली' असं कुणी म्हणणार नाही. आधी मुखपृष्ठ पाठीवरून सोडवायचं. ओलं फडकं गरम करून पाठीवर धरायचं, सरस मऊ झाला की पातळ पातं सरकवायचं. घाई केली की मुखपृष्ठ फाटतं. मग पाठीवरचा सरस हाडाच्या पट्टीने खरवडायचा. मग दोरा कापायचा, पण फक्त चौथ्या फर्म्याच्या आजूबाजूचा. फर्मा काढायचा, फिरवायचा. शिलाईची जुनी भोकं आता जागेवर येत नाहीत, म्हणून टोच्याने नवी पाडायची. मग हाताने सुईदोरा. मग पुन्हा सरस, पुन्हा मुखपृष्ठ, पुन्हा शिकंज्यात दाबून ठेवायचं.

पहिलं पुस्तक तिने असं करून माझ्याकडे आणलं. आम्ही उघडलं. हात होता, पण हाताला लागत नव्हता. आईचा हात मुलीच्या हाताच्या केसभर वर होता. कारण माझं. कापताना पानाच्या पायाकडून डोक्यापेक्षा जरा जास्त घेतात, सगळेच घेतात. फर्मा उलटला की तो फरक दुप्पट होऊन दिसतो.

"पात्या, आता?" ती म्हणाली. मला ती पात्या म्हणायची, कापयंत्राच्या पात्यावरून.

"फर्मा केसभर सरकवून शीव. कडेला बाहेर येईल तेवढं मी पुन्हा घेतो."

"गठ्ठ्याने?"

"गठ्ठ्याने कसं? प्रत्येकाचं सरकणं वेगळं असणार. एकेक."

"तुझं यंत्र एकेकाला चालवणार?"

"यंत्राला लाज लागत नाही म्हणालीस ना? चालवू की."

खूप दिवसांनी ती हसली.

पण यात एक गोष्ट होती. हात हाताला लागतो की नाही हे पाठीवरून कळत नाही. तिथे जिना नाही, खूण नाही. त्यासाठी पुस्तक उघडून चित्रच बघावं लागतं. ज्या बाईने जन्मात एक पान वाचलं नव्हतं, तिला प्रत्येक प्रत त्याच पानावर उघडावी लागली. प्रत्येक प्रतीत एक मुलगी विहिरीवर वाकलेली. प्रत्येक प्रतीत एक आई खालून हात देणारी. ते हात ती आपल्या बोटांनी जुळवायची, दाबून धरायची आणि मग सुई घालायची. पुढची प्रत. पुन्हा तेच. तिच्या मनात काय चाललं होतं ते मी विचारलं नाही. असं विचारत नसतात.

मामा दुसऱ्या दिवशी स्वतःची हाडाची पट्टी घेऊन येऊन बसला. "सरस मी खरवडतो. तुझ्याशी बोलणार नाही, पण खरवडतो." दुपारपर्यंत बोलायला लागला होता. चित्रवाली बाईही यायला लागली. शिवण तिला जमेना, म्हणून ती फडकी गरम करून द्यायची.

एकदा काम चालू असताना ओळंबाने तिला विचारलं, "वर येते का ती?"

"कोण?"

"हिची आई. पुढे. शेवटी."

चित्रवालीने फडकं पिळलं. "या भागात नाही. हात लागतो, पण ओढता येत नाही. मुलीला एकटीलाच वर यावं लागतं. पुढचं..." ती थांबली. "पुढचं मी अजून ठरवलं नाही."

"खोटं सांगू नका."

"खोटं नाही. दोन्ही शेवट काढून पाहिले. एकही खरा वाटत नाही."

ओळंबाने दोरा दातांनी तोडला. "घाईने आणू नका तिला," ती म्हणाली. एवढंच.

लोक पुढे म्हणाले, त्या कामाने तिचे डोळे गेले. ते खरं नाही. डोळे आधीच चालले होते. सुरुवातीची पुस्तकं तिने डोळ्यांनी केली आणि शेवटची बोटांनी. नखाने चित्राची कड चाचपायची, म्हणायची, "बघ रे, लागला का?" आणि लागलेला असायचा. मग तिने विचारणंही सोडलं.

काही प्रती फाटल्या, त्या गेल्याच. बाकीच्या शाळा उघडायच्या आधी गाडीत चढल्या. शेवटचा गठ्ठा मामाने आणि मी उचलला. ओळंबाने टेबल पुसलं, सुया डबीत घातल्या, डबी सरळ ठेवली आणि घरी गेली. निरोप वगैरे काही नाही. पुढच्या आठवड्यात यंत्र आलं.

तिसरा भाग माझ्या मुलीने जमिनीवर बसून वाचला. त्या पानाशी आली. मग तिने पुस्तक उलटं केलं, नंतर स्वतःच पालथी पडली, आणि बराच वेळ तशीच वाचत राहिली. प्रकाशकाने पुढचे भाग मागितले. चौथा आला. पाचव्याला फार वर्षं लागली. बाईने घाई केली नाही.

पाचवा आला तोवर मीही घरी बसलो होतो. मामा राहिला नव्हता. चित्रवाली बाईने माझ्याकडे दोन प्रती पाठवल्या. दुसरी कुणाची ते सांगायला नको होतं.

एका दुपारी ती घेऊन मी ओळंबाकडे गेलो. तेच दोन खोल्यांचं घर. आईची खाट भिंतीला लावून ठेवलेली. ओळंबाला आता उजेड आणि अंधार एवढंच दिसत होतं. मी आत आलो तशी ती उठली, दाराशी गेली आणि पायाने चाचपून माझ्या चपला सरळ केल्या.

"अजून वाकड्याच काढतोस, पात्या."

मी पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने पाठीवरून अंगठा फिरवला. "दुसरा फर्मा जरा खाली बसलाय. यंत्राचं काम." मग थांबून म्हणाली, "आली का वर?"

"मला काय ठाऊक? मी कुठे वाचतो?"

"पोरगी काही बोलली नाही?"

"सांगायला लागली होती. मी गप्प केलं."

"मग आणलंस कशाला?"

"तुझ्यासाठी."

"मला दिसतं का, शहाण्या? वाच आता."

मी चष्मा लावला, पुस्तक उघडलं. तिने हात आडवा धरला. "तो नाही. आधी तिसरा. मधला सोडून शेवट कळतो होय कुणाला?"

तिसरा फळीवर होता. आमच्याच हातचा, दोनदा कापलेला. मी वाचायला लागलो. चित्रांची गोष्ट वाचून दाखवायची म्हणजे अक्षरं थोडी, बघून सांगायचंच जास्त. मला सवय नाही, अडखळत होतो. ती मध्येच टोकायची. "कंदील कुठल्या हातात?" "डाव्या." "मघाशी उजव्या म्हणालास." मग मी मागचं पान पुन्हा बघायचो, आणि चूक माझीच निघायची.

असं करत तिसऱ्या फर्म्याच्या शेवटाशी आलो.

"काय आहे?"

"मुलगी वाकलीय. हात खाली सोडलाय."

"आणि समोर?"

"समोर हात. खालून आलेला."

"लागतो?"

मी पुस्तक खिडकीपाशी नेलं. उजेडात नीट पाहिलं. उगाच हो म्हणायचं नव्हतं.

"लागतो," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "फिरव मग."

मी पुस्तक उलटं धरलं, फर्म्याचं दुसरं टोक शोधलं आणि तिथून वाचायला लागलो.